एका चुलीवर जेवणारे

प्रश्नावलीतला तिसरा प्रश्न होता, ‘घरात माणसं किती?’ त्याखाली बारीक अक्षरात व्याख्या छापलेली : कुटुंब म्हणजे एका चुलीवर जेवणारे. जनगणनेत अशीच व्याख्या असते, मी तिथूनच उचलली होती. खेड तालुक्यातल्या खाडीकाठच्या एका गावात, मोहल्ल्यातल्या पहिल्याच घरी हा प्रश्न विचारला तेव्हा भाभी पडवीत तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं, बोटांवर मोजलं आणि म्हणाल्या, “सहा.”

सासू, त्या स्वतः आणि तीन मुलं. मी मनात पुन्हा मोजलं. पाचच होत होते.

“सहावं कोण?”

“पोरांचे अब्बा. कुवेतला हायत ना.”

“पण ते इथं जेवत नाहीत.”

“आनि आमी कोनाचं जेवतो गो बाय?”

मी फॉर्मवर पाच लिहिलं. व्याख्या म्हणजे व्याख्या. ही गोष्ट फेब्रुवारी 2018 ची. पीएचडीला नाव नोंदवून मला जेमतेम वर्ष झालं होतं आणि फॉर्म बरोबर भरणं म्हणजेच संशोधन, अशी माझी तेव्हा प्रामाणिक समजूत होती.

विषय होता कोकणातून आखातात होणारं स्थलांतर. पहिला मसुदा मी अगदी शिस्तीत लिहिला : 1973 नंतर तेलाचे भाव वाढले, आखातात कामं निघाली, खेड-दापोली-मंडणगडपासून म्हसळा-श्रीवर्धनपर्यंतच्या मोहल्ल्यांतून माणसं गेली, पैसे आले, चिऱ्याची घरं उभी राहिली. मध्ये एक तक्ता. 2011 च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे 1122 स्त्रिया होत्या, साऱ्या महाराष्ट्रात 929. कोकणावर लिहिणारा प्रत्येक जण हा आकडा टाकतो, मीही टाकला. मार्गदर्शक मॅडमनी मसुदा परत दिला तो एका ओळीच्या शेऱ्यासह : ‘अर्धंच घर लिहिलंयस. बाकीचं अर्धं कुठाय?’

सोबत वाचायला दिलेल्या गठ्ठ्यात नीना ग्लिक शिलर, लिंडा बाश आणि क्रिस्टिना झांटन ब्लांक यांचं 1990 च्या दशकाच्या सुरुवातीचं लेखन होतं. हैती, ग्रेनाडा, सेंट व्हिन्सेंट, फिलिपिन्स इथून न्यूयॉर्कला गेलेल्या माणसांना पाहून त्यांनी मांडलं होतं की, ही माणसं एक देश सोडून दुसऱ्यात विरघळून गेलेली नाहीत. ती एकाच वेळी दोन्हीकडे जगतात. घर, पैसा, राजकारण, देवधर्म, भांडणं, सगळं सीमेच्या आरपार चालतं. म्हणून अभ्यास करणाऱ्यानं ‘गेले’ आणि ‘आले’ एवढंच मोजू नये, दोन्ही टोकं मिळून जे एक क्षेत्र होतं ते पाहावं. पुढं 2002 मध्ये आंद्रेआस विमर आणि ग्लिक शिलर यांनी आणखी टोकदार मुद्दा काढला : आपण समाज म्हटलं की मुकाट्यानं देशाचा नकाशा गृहीत धरतो, आकडे त्याच चौकटीत गोळा करतो आणि मग चौकटीबाहेरचं काही दिसत नाही याचं नवल करतो.

वाचताना मला सारखं भाभींचं सूप आठवत होतं. माझ्या फॉर्मनं कुवेतच्या माणसाला घराबाहेर काढलं होतं. घरानं काढलं नव्हतं.

या ‘ट्रान्सनॅशनल’ दृष्टिकोनाला मराठीत काय म्हणायचं यावर माझे आठ दिवस गेले. ‘राष्ट्रपार’ म्हटलं की राष्ट्रकुलासारखं वाटतं, ‘पारराष्ट्रीय’ म्हटलं की परराष्ट्र खातं आठवतं. शेवटी ‘पारराष्ट्रीय’ ठेवलं. गावात मात्र मी हा शब्द कधी उच्चारला नाही.

दुसऱ्या फेरीला गेले तेव्हा दोन्ही टोकं धरायची ठरवली होती. कुवेतला जायला पैसे नव्हते, मग फोनवर भागवलं. तिकडं शुक्रवारी सुट्टी असते, जुम्म्याची नमाज आणि जेवण उरकलं की माणूस मोकळा होतो. कुवेतचं घड्याळ आपल्या अडीच तास मागं, म्हणजे आपल्याकडची संध्याकाळ. दर शुक्रवारी चहाच्या वेळी मी भाभींच्या पडवीत हजर. पहिल्याच कॉलला भाई म्हणाले, “मॅडम, तुम्ही मागल्या खेपेला आमच्याकडं चहा घेतला नाहीत.”

मला काही कळेना. भाभींनी पदर तोंडाला लावून वर बोट दाखवलं. पडवीच्या वाशाला कॅमेरा होता. तिकडं एका खोलीत सहा जणांत राहणारा हा माणूस ड्युटीवरून आला की मोबाइलवर आपलं अंगण बघत बसायचा. नारळवाला किती नारळ उतरवून गेला, आईनं गोळी घेतली का, पोरगा शाळेतून कधी आला, सगळं त्यांना ठाऊक. मी महिनाभर त्यांच्या घराचं निरीक्षण करत होते आणि ते माझं. प्रबंधाच्या पद्धतीच्या प्रकरणात मी हे लिहिलं नाही, लाज वाटली.

पण त्या शुक्रवारांनी मला जे दिलं ते आधीच्या तक्त्यांतून कधीच आलं नसतं. घराचा वरचा मजला नऊ वर्षं अर्धवट होता. नुसते खांब उभे आणि सळया आकाशाकडे. गावाच्या बाजूनं बघितलं तर अर्थ सरळ होता : पैसे संपले. कुवेतच्या बाजूनं ऐकलं तेव्हा कळलं की 2016 साली तिथं बायकोला नेण्यासाठी पगाराची किमान अट 250 दिनारांवरून 450 वर गेली. भाईंचा पगार तोवर कसाबसा तीनशेला पोचला होता. भाभींना कधीतरी न्यायचं म्हणून त्यांनी वर्षानुवर्षं पैसे बाजूला ठेवले, म्हणून मजला थांबला. अट वाढली, न्यायचं राहिलं. तेव्हा मजल्याचं काम निघालं, तर मोठ्या मुलीचं लग्न आलं. त्या सळयांत कुवेत सरकारचा एक निर्णय गंजत होता, आणि तो खेडच्या तलाठ्याला विचारून कळण्यासारखा नव्हता.

दुसरं उदाहरण शेजारच्या घराचं. जेद्दाहहून 2018 च्या जूनमध्ये त्यांची सून दोन मुलांना घेऊन अचानक परत आली. वाडीत चर्चा, नवराबायकोचं बिनसलं. खरं कारण निराळं. सौदीत जुलै 2017 पासून कुटुंबातल्या प्रत्येक अवलंबितामागं महिना 100 रियाल शुल्क सुरू झालं, दर वर्षी शंभरानं वाढत 2020 पर्यंत 400 होणार होतं. तिघांचा हिशेब घातल्यावर नवऱ्यानं त्यांना विमानात बसवलं. त्या पोरांना दापोलीच्या शाळेत घातलं तेव्हा मराठी लिहिता येईना, अरबी सुंदर यायची. दोन्ही टोकं एकत्र पाहण्याची ताकद मला तिथं पटली. नाहीतर मीसुद्धा ‘कौटुंबिक कारण’ हा रकाना भरून मोकळी झाले असते.

इथवर सगळं छान चाललं होतं. मी संपर्काचा एक निर्देशांकही बनवला : महिन्याला किती कॉल, किती पैसे, किती वर्षांनी रजा, गावातल्या निर्णयात किती वाटा. गुण द्यायचे आणि बेरीज करायची. सगळ्यात जास्त गुण ज्या घराला पडले, त्या घरी मी गुणांची पडताळणी करायला गेले. दहा दिवसांत 94 कॉल होते तिथं. आमच्या तक्त्यातला सर्वांत ‘पारराष्ट्रीय’ उंबरठा.

घरातल्या थोरल्या भावानं शांतपणे सांगितलं. आई चिपळूणला दवाखान्यात होती, दहा दिवस. धाकटा सौदीत दम्मामला. तेव्हा तिथून बाहेर पडून परत यायचं तर कफीलनं, म्हणजे तिथल्या मालकानं, एक्झिट-रीएंट्रीचा परवाना द्यावा लागे, आणि कफील सुट्टीवर परदेशी गेलेला. पोरगा दिवसातून नऊ-दहा वेळा फोन करायचा. मोबाइल आईच्या उशाशी स्टीलच्या पेल्याला टेकवून ठेवलेला असायचा. कागद हातात पडला तो दफन होऊन गेल्यावर.

माझ्या निर्देशांकानं अडकून पडलेल्या माणसाला सगळ्यात जास्त जोडलेला ठरवलं होतं. ती वही मी त्या दिवशी पुन्हा उघडली नाही.

मग वाचलेलंच परत वाचायला घेतलं आणि पहिल्यांदा वाटलं की, हा चष्मा न्यूयॉर्कच्या डोळ्यांवर बसवलेला आहे. तिथला वाद असा होता की येणाऱ्या माणसानं अमेरिकी होऊन मागचं विसरायचं, की नाही? न विसरणं ही तिथं त्या माणसाची करामत ठरते, थोडा बाणेदारपणाही. आखातात हा प्रश्नच येत नाही. तिथं तीस वर्षं राबलात तरी नागरिक होत नाही. नोकरी गेली की अकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, गेला आणि अकामा गेला की खुरूज, म्हणजे कायमची रवानगी. गावाशी नातं ठेवणं हा तिथं पर्यायांतला एक पर्याय नाही, दुसरी जागाच नाही. रॉजर वॉल्डिंगर आणि डेव्हिड फिट्झजेराल्ड यांनी 2004 मध्ये साधारण याच दिशेनं टीका केली होती की, या मांडणीत सीमेवर उभं असलेलं सरकार फिकं होतं. मी ती टीका आधीही वाचली होती, पण ती मला दवाखान्यातल्या पेल्याशेजारी कळली.

आणखी एक खटका असा की हा शब्द फार ऐसपैस आहे. पुढं रिझर्व्ह बँकेच्या 2020-21 च्या पाहणीत परदेशातून देशात आलेल्या पैशांत महाराष्ट्राचा वाटा 35 टक्के निघाला, केरळच्या कितीतरी पुढं. वर्तमानपत्रांत बातमी आली. त्या टक्क्यांत भाईंचे महिन्याचे पंधरा हजार आहेत, आणि कॅलिफोर्नियातून पुण्यात तिसरा फ्लॅट घेणाऱ्याचे पैसेही. दोघंही पारराष्ट्रीय. एकाचा पासपोर्ट त्याच्या खिशात असतो.

हे परत वाचणं चालू होतं तेव्हा एका वृद्ध चाचांनी निडोच्या दूध पावडरीचा रिकामा डबा माझ्यापुढं ठेवला. आत कागद. त्यांचे आजोबा केपटाउनला होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून रत्नागिरी-रायगडातले कोकणी मुसलमान तिकडं जात होते, आजही तिथं त्यांची वस्ती आहे. डब्यात एक परवाना होता, कडा खाऊन गेलेल्या, फोटो पुसट झालेला, आणि हाताचा काळा ठसा. मुलखाला जाऊन ठरल्या मुदतीत परत या, नाहीतर परतण्याचा हक्क संपला, अशा मतलबाचा. तो माणूस मुदतीच्या आत जा-ये करत राहिला, बायको इथंच राहिली, पत्रं आणि पैसे येत राहिले. चाचा म्हणाले, “तुमी लोकांनी हे आता शोधून काढलंत होय?”

मी हसले खरी, पण ‘नवं स्थलांतर’ हे शब्द त्या रात्री मसुद्यातून खोडले. जोडीला खरी नवी गोष्ट कुठली तेही लिहून ठेवलं. चाचांच्या आजीला पत्र महिन्यानं यायचं, त्यामुळं घरचे निर्णय तीच घ्यायची. भाभींच्या डोक्यावर कॅमेरा आहे.

मग एका बैठकीत मॅडमनी सहज विचारलं, “तुझे वडील कुठं असायचे गं?”

माझं माहेर त्याच तालुक्यातलं, कुणबीवाडीतलं. बाबा मुंबईत गिरणीत होते. 18 जानेवारी 1982 चा संप झाला, गिरणी सुटली, मग मस्जिद बंदरला एका पेढीत मिळेल ते काम. माझा जन्म संपानंतरचा. बाबा म्हणजे गणपती आणि शिमग्याला येणारा माणूस. लालबागला गावकऱ्यांच्या खोलीत राहायचे. एका भिंतीला पत्र्याच्या ट्रंका, प्रत्येकाची एक खुंटी, झोपायला पाळ्या, जेवण खानावळीत. महिन्याला गावच्या मंडळाची सभा व्हायची. वर्गणी, देवळाचा कळस, शाळेचे पत्रे आणि सरपंच कोण, हे सगळं लालबागला ठरायचं. मनीऑर्डरच्या फॉर्मला खाली एक चिटोरी असायची, त्यावर बाबा दोन ओळी लिहायचे : ‘पैसे पोचल्याचे कळव. म्हशीकडे बघ.’ आईनं त्या चिटोऱ्या खिळ्याला टोचून ठेवल्या होत्या.

दोन ठिकाणचं एक घर, लांबून चालणारी सत्ता, सणाला परतणं, वर्गणीतून उभं राहणारं गाव. माझ्या निर्देशांकातले सगळे रकाने बाबांना लागू पडत होते. फक्त मध्ये देशाची सीमा नव्हती, म्हणून त्यांना ‘अंतर्गत स्थलांतर’ या दुसऱ्या कपाटात ठेवलं होतं आणि ते कपाट मी उघडलंच नव्हतं. ज्या विचारानं देशाच्या चौकटीला नावं ठेवली, त्याच विचाराचं नाव घेऊन मी माझ्या बापाला देशाच्या चौकटीपायी बाहेर ठेवलं. मॅडमना म्हटलं, “मी चुकले.” त्या म्हणाल्या, “चुकली नाहीस, विषय वाढला. मुदतवाढीचा अर्ज कर.”

कुणबीवाडी आणि मोहल्ला एकत्र लिहायला बसले तेव्हा फरक आपोआप दिसायला लागले. बाबांची गिरणी सुटल्यावर त्यांना मुंबईतून कुणी हाकललं नाही. ते उपाशी राहायला मोकळे होते, आणि ती मोकळीक फार मोठी गोष्ट आहे. चार दिवस गावी येऊन परत दुसरी नोकरी धरता आली. भाईंना 1990 च्या ऑगस्टमध्ये इराक कुवेतमध्ये घुसल्याची आठवण त्यांच्या वडिलांकडून होती : वाळवंटातून जॉर्डन, अम्मानहून एअर इंडियाचं विमान, हातात एक पिशवी. त्या वेळी एक लाखाहून जास्त भारतीय असे आणले गेले. म्हणजे सीमा महत्त्वाची आहेच. पण ती नकाशावर आहे तिथंच असते असं मी समजत होते.

मे 2020 मध्ये तीही समजूत गेली. आखातातून ‘वंदे भारत’ची विमानं सुरू झाली होती. इकडं नालासोपारा-विरारहून माझे चुलत भाऊ टेम्पोनं निघाले. कशेडी घाटात, रायगड संपून रत्नागिरी लागते तिथं, रांगा. ई-पास दाखवा, ताप मोजा. गावात पोचले तर ग्राम कृती दलानं सांगितलं, वाडीत यायचं नाही, चौदा दिवस शाळेत. ‘चाकरमानी’ हा शब्द मी आयुष्यभर मायेनं ऐकला होता, त्या महिन्यात तो ओटीवरून हाकारताना ऐकला. आणि शाळा कोणती? जिचे पत्रे लालबागच्या मंडळानं वर्गणीतून घातले होते ती. भिंतीवर ऑइलपेंटनं देणगीदारांची नावं आहेत. चुलत भावानं मला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला : चटई, पाण्याची बाटली, आणि वर भिंतीवर सतराव्या क्रमांकाला बाबांचं नाव, रुपये 251. शेजारच्या वर्गात दुबईहून उतरलेला मोहल्ल्यातला एक पोरगा होता. दोघांना डबा एकाच गाडीनं यायचा.

तोंडी परीक्षा 2022 मध्ये झाली. बाहेरच्या परीक्षकांनी शाळेवरच्या त्या पानांवर बोट ठेवून विचारलं, “यात राष्ट्र कुठाय?” मी तयारी करून गेलेलं उत्तर विसरले आणि कशेडीचं सांगत सुटले. ते ऐकत राहिले. समाधान झालं की कंटाळा आला, चेहऱ्यावरून कळलं नाही. पदवी मिळाली.

एक घर मात्र प्रबंधात नाही. मोहल्ल्याच्या टोकाला, विहिरीजवळ खाला एकट्या राहतात. त्यांचे यजमान 2006 मध्ये आझाद व्हिसावर सौदीला गेले, म्हणजे कागदावर एकाकडे आणि काम मिळेल त्याच्याकडे. पुढं कफीलनं त्यांच्यावर हुरूब टाकला, पळून गेल्याची नोंद. 2009 पर्यंत फोन येत होते, नंतर नाही. कुणी सांगे तुरुंगात, कुणी सांगे तिकडं दुसरं घर केलं, एकानं तर रियाधला बाजारात पाहिल्याचं सांगितलं. मी खालांकडे बसले, फॉर्म काढला. प्रश्न चौदा ते एकतीस संपर्काचे होते. किती वेळा, कशानं, किती रक्कम. खाला प्रत्येकाला मान हलवत होत्या आणि मी ‘लागू नाही’ लिहीत होते. अठरा वेळा. परत आल्यावर माहिती अपुरी म्हणून तो फॉर्म मी नमुन्यातून काढून टाकला. असे आणखी चार होते. धागा जिथं दिसतो तेवढीच घरं मी घेतली आणि मग लिहिलं की धागे किती मजबूत आहेत. बांधलेल्या प्रती हातात आल्यावर हे माझ्या लक्षात आलं, आणि सोनेरी अक्षरांच्या पुठ्ठ्याकडे बघवेना.

गेल्या वर्षी, 2025 मध्ये, एक प्रत भाभींना द्यायला गेले. वरचा मजला झालाय, भाई कायमचे परतलेत आणि कॅमेरा बंद पडलाय. रेशन दुकानासमोर गर्दी होती, ई-केवायसीसाठी. कार्डावरच्या प्रत्येकाचा अंगठा मशिनवर लागायला हवा, नाहीतर नाव उडणार. रांगेत खाला. त्यांचा स्वतःचा अंगठा चार वेळा उमटेना, कामानं रेषा झिजलेल्या. दुकानदारानं फडक्यानं काच पुसली, पाचव्यांदा लागला.

“आता पुढचं नाव,” तो म्हणाला, “हे कुठायत? यांचं काढून टाकू? अर्ज द्या, मी पाठवतो.”

“नको.”

“खाला, मशिन ऐकत नाही. घरात माणसं किती ते सांगा.”

खालांनी कार्ड ओढून घेतलं, पिशवीत घातलं.

“दोन,” म्हणाल्या.